चालती अणुभट्टी बंद करताना: बर्लिनच्या हेल्महोल्ट्झ केंद्राचे प्रकरण

11 डिसेंबर 2019 रोजी बर्लिनच्या नैऋत्य टोकाला, वान्झे भागात असलेली ‘बेर-2’ ही संशोधन अणुभट्टी कायमची थांबवण्यात आली. अपघात किंवा बिघाड हे त्याचे कारण नव्हते. तिच्यावर प्रयोग करू इच्छिणाऱ्या शास्त्रज्ञांची संख्याही ओसरलेली नव्हती. ज्या संस्थेची ती भट्टी होती, त्या हेल्महोल्ट्झ-त्सेंट्रुम बर्लिन या केंद्राने सहा वर्षे आधी, 2013 मध्ये, ती 2019 अखेर बंद करायची असे ठरवले होते आणि ठरल्या वेळी ती बंद केली. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या एखाद्या केंद्राने आपल्याकडचे चालते, उपयोगी आणि जगभर नाव असलेले यंत्र स्वतःहून बंद करावे का, आणि करायचे असेल तर कसे करावे, हा प्रश्न या प्रकरणात जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच दिसतो. म्हणूनच ते तपशिलात पाहण्यासारखे आहे.

एक केंद्र, दोन यंत्रे

या केंद्राचा जन्म दोन संस्थांच्या विलीनीकरणातून झाला. पहिली होती हान-माइटनर संस्था. ऑटो हान आणि लीझे माइटनर यांचे नाव धारण करणारी ही संस्था 1959 मध्ये तेव्हाच्या पश्चिम बर्लिनमध्ये सुरू झाली. तिच्याकडे आधी एक छोटी भट्टी होती आणि 1973 मध्ये तिच्या जागी बेर-2 कार्यरत झाली. सुरुवातीला या भट्टीची औष्णिक क्षमता 5 मेगावॅट होती, ती पुढे 10 मेगावॅट करण्यात आली. वीज निर्माण करणाऱ्या अणुभट्ट्यांच्या मानाने ही क्षमता अगदी अल्प आहे, कारण येथे हवी होती ती उष्णता नव्हे; हवे होते ते न्यूट्रॉन.

दुसरी संस्था ‘बेसी’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाई. 1979 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने पश्चिम बर्लिनच्या विल्मर्सडोर्फ भागात 1982 पासून पहिले साठवण वलय, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल मार्गात सतत फिरवत ठेवून त्यांच्यापासून प्रकाश मिळवणारे यंत्र, चालवले. जर्मनीच्या एकीकरणानंतर तिने आपले नवे यंत्र, म्हणजे ‘बेसी-2’, शहराच्या पूर्व भागात आडलर्सहोफ येथे उभारले आणि 1998 मध्ये त्याचे उद्घाटन झाले. (जुन्या वलयाचे भाग वाया गेले नाहीत, ते जॉर्डनमधील ‘सेसमी’ या सिंक्रोट्रॉनला, म्हणजे अशाच प्रकारच्या प्रकाशस्रोताला, देण्यात आले.) बेसी-2 चा परीघ 240 मीटर आहे. त्यात 1.7 गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे साडेबारा लाख वेळा, फिरत असतात. चुंबकांनी त्यांचा मार्ग वळवला की ते प्रखर प्रकाश बाहेर टाकतात. तो प्रकाश सुमारे 50 बीमलाइनमधून प्रयोगांपर्यंत पोहोचवला जातो. या यंत्राचे खरे बळ मृदू, म्हणजे कमी ऊर्जेच्या, क्ष-किरणांमध्ये आहे. कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचे आतले इलेक्ट्रॉन, तसेच मँगनीज, कोबाल्ट, निकेल यांसारख्या धातूंचे रासायनिक बंधांत भाग घेणारे इलेक्ट्रॉन नेमके याच ऊर्जापट्ट्यात प्रतिसाद देतात. बॅटरीचा विद्युतअग्र असो किंवा पाण्यापासून हायड्रोजन वेगळा करणारा उत्प्रेरक असो, त्यात घडणारे बदल बहुतांशी याच मूलद्रव्यांचे असतात.

1 जानेवारी 2009 रोजी या दोन संस्था एकत्र आल्या. हेल्महोल्ट्झ संघटना या जर्मन संशोधन केंद्रांच्या समूहातील इतर केंद्रांप्रमाणेच येथेही मूलभूत निधीचा सुमारे 90 टक्के वाटा जर्मन संघराज्य देते आणि उरलेला सुमारे 10 टक्के वाटा संबंधित राज्य, म्हणजे येथे बर्लिन, उचलते. विलीनीकरणामागचा विचार सरळ आणि पटण्यासारखा होता: न्यूट्रॉन आणि प्रकाशकण हे पदार्थाकडे पाहण्याचे दोन परस्परपूरक मार्ग आहेत आणि दोन्ही एकाच संस्थेच्या हाती असले तर संशोधकाला एकाच प्रश्नाची दोन बाजूंनी उकल करता येईल.

हे परस्परपूरक असणे किती खरे आहे, हे समजल्याशिवाय पुढच्या निर्णयाचे वजन कळणार नाही. क्ष-किरण अणूमधील इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात. साहजिकच ज्यांच्याकडे इलेक्ट्रॉनच कमी आहेत अशी हायड्रोजन आणि लिथियम ही मूलद्रव्ये त्यांना फार फिकट दिसतात. न्यूट्रॉन मात्र अणुकेंद्रकाशी आंतरक्रिया करतो, त्यामुळे हायड्रोजन आणि लिथियम त्याला ठळक दिसतात आणि धातूचे जाड कवच तो सहज भेदून जातो. चालू इंधनघटाच्या आत पाणी कोठे साचते, हे घट न उघडता पाहायचे असेल तर न्यूट्रॉन-प्रतिमाकरणाला तोड नाही, आणि वान्झे येथील ‘कॉनराड’ हे उपकरण याच कामासाठी प्रसिद्ध होते. शिवाय न्यूट्रॉनला स्वतःचे चुंबकीय आघूर्ण असते. पदार्थातील सूक्ष्म चुंबकीय रचना तो थेट वाचू शकतो. 2009 मध्ये डिस्प्रोशियम टायटॅनेट या स्फटिकात चुंबकीय एकध्रुवांसारख्या, म्हणजे एकच ध्रुव असलेल्या चुंबकांसारख्या, वागणाऱ्या अवस्थांचा पुरावा मिळाला तो बेर-2 वरील मोजणीतून. याच भट्टीच्या न्यूट्रॉनांनी बर्लिनच्या चित्रसंग्रहालयातील जुन्या चित्रांचे खालचे, रंगाआड दडलेले थरही उलगडून दाखवले होते. अशा यंत्राला कालबाह्य म्हणता येणार नाही.

2013 चा निर्णय

आणि तरीही विलीनीकरणाला पाच वर्षेही पूर्ण झाली नव्हती तोच केंद्राच्या पर्यवेक्षी मंडळाने भट्टी बंद करण्याचे ठरवले. त्या वेळी आन्के कायसर-पिझाला या केंद्राच्या वैज्ञानिक संचालक होत्या. केंद्राने दिलेले कारण धोरणात्मक होते: ऊर्जेसाठी लागणाऱ्या पदार्थांचे संशोधन आणि बेसी-2 चा विकास यांवर शक्ती केंद्रित करायची.

हे कारण खरे होते असेच मला वाटते, पण ते पोकळीत जन्मलेले नव्हते. 2011 मध्ये फुकुशिमाची दुर्घटना घडली आणि जर्मनीने अणुवीजनिर्मितीतून बाहेर पडण्याचा वेग वाढवला. वान्झेची भट्टी वीज निर्माण करत नव्हती, तिची क्षमता अल्प होती आणि तिचा गाभा उघड्या पाण्याच्या टाकीत, दाबाविना होता. तरी लोकवस्तीजवळची अणुभट्टी म्हणून तिच्याविषयी बर्लिन आणि पॉट्सडाममध्ये अस्वस्थता होती. शहराच्या नव्या विमानतळाच्या हवाईमार्गांचा वाद त्यात मिसळला. जानेवारी 2013 मध्ये बर्लिन-ब्रँडनबर्गच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने वान्झेवरून जाणारा हवाईमार्ग बेकायदा ठरवला, कारण तो आखताना भट्टीच्या धोक्याचा पुरेसा विचार झालेला नव्हता. संघीय न्यायालयाने पुढच्या वर्षी हा निकाल फिरवला, पण तोपर्यंत बंद करण्याचा निर्णय झालेला होता.

इंधनाचा प्रश्न याहून कोरडा, पण अधिक अवघड होता. अमेरिकेत समृद्ध केलेल्या युरेनियमवर चालणाऱ्या संशोधन भट्ट्यांचे वापरलेले इंधन परत घेण्याची अमेरिकेची योजना मे 2016 पर्यंत वापरल्या गेलेल्या इंधनापुरतीच मर्यादित होती. त्यानंतर जळालेल्या प्रत्येक इंधनसंचाची दीर्घकालीन साठवण जर्मनीतच करावी लागणार होती आणि जर्मनीकडे अशा इंधनासाठी अंतिम भांडार नव्हते. भट्टी जितकी वर्षे चालवावी तितका हा भार वाढत जाणार. प्रकाशस्रोताला असे कोणतेही ओझे नसते. इलेक्ट्रॉनांना ऊर्जा पुरवणे बंद केले की वलयातील प्रकाश जवळजवळ त्याच क्षणी विझतो.

उलट बाजूलाही ठोस गोष्टी होत्या. 2010 ते 2012 या काळात भट्टी थांबवून तिचा शीत (म्हणजे मंद केलेल्या) न्यूट्रॉनांचा स्रोत आणि न्यूट्रॉन-मार्गिका नव्याने बसवण्यात आल्या होत्या. अमेरिकेतील टॅलाहासी येथील राष्ट्रीय उच्च चुंबकक्षेत्र प्रयोगशाळेच्या सहकार्याने एक असामान्य संकरित चुंबक तयार होत होता. बाहेरील वेटोळे अतिसंवाहक आणि आतील वेटोळे पाण्याने थंड ठेवलेले, अशा रचनेच्या या चुंबकाने 2014 मध्ये 26 टेस्लाचे (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) क्षेत्र गाठले. इतक्या प्रबळ स्थिर क्षेत्रात न्यूट्रॉन-विकिरणाचे प्रयोग जगात अन्यत्र कोठेही शक्य नव्हते. म्हणजे हे उपकरण वापरासाठी सज्ज झाले तेव्हाच त्याला उणीपुरी पाच वर्षे मिळणार हे ठरलेले होते. या प्रकरणातील मला सर्वांत बोचणारी गोष्ट हीच आहे. मोठ्या यंत्रांच्या उभारणीचा काळ आणि धोरण ठरण्याचा काळ एकमेकांशी जुळत नाहीत. गुंतवणुकीचा निर्णय एका दशकात होतो, ती फळाला येते दुसऱ्या दशकात, आणि मधल्या काळात प्राधान्यक्रम बदललेले असतात.

सहा वर्षांची मुदत

निर्णयाच्या अंमलबजावणीत केंद्राने जे केले ते काळजीपूर्वक होते आणि त्याचे श्रेय दिले पाहिजे. हेल्महोल्ट्झ संघटनेचा निधी काही वर्षांच्या कार्यक्रम-कालखंडांत दिला जातो. पदार्थ आणि ऊर्जा या क्षेत्रांसाठी 2015 ते 2019 असा कालखंड ठरला होता आणि भट्टी बंद करण्याची तारीख त्याच्या अखेरीस बेतली गेली. त्यामुळे संशोधनगटांना, डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांना आणि भट्टी चालवणाऱ्या तंत्रज्ञांना आपापली आखणी करायला अवधी मिळाला. विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा अवधी फार मोलाचा असतो. नुकताच प्रबंधाचा विषय घेतलेल्या माणसाला आपली मोजणी पूर्ण होईल की नाही, हे पहिल्याच वर्षी ठाऊक असणे आणि चौथ्या वर्षी अचानक कळणे यांत सगळ्या कारकिर्दीचा फरक पडतो.

दरम्यान भट्टी निव्वळ शेवटच्या दिवसाची वाट पाहत राहिली नाही. स्वीडनमधील लुंड येथे उभ्या राहत असलेल्या युरोपियन स्पॅलेशन सोर्स या नव्या न्यूट्रॉन स्रोतासाठी बेर-2 वर एक चाचणी-बीमलाइन चालवली गेली आणि भावी उपकरणांचे तंत्र तेथे तपासले गेले. उपकरणांनाही शक्य तेथे नवे घर शोधण्यात आले. जैविक पृष्ठभागांच्या अभ्यासासाठी बांधलेला ‘बायोरेफ’ हा परावर्तनमापी ऑस्ट्रेलियाच्या अणुविज्ञान संस्थेकडे गेला आणि तेथे ‘श्पाट्झ’ या नावाने पुन्हा उभा राहिला. प्रतिमाकरणातील तज्ज्ञांनी ग्रेनोबल येथील लाउए-लांजव्हां संस्थेच्या सहकार्याने आपले काम पुढे नेले. 26 टेस्लाच्या चुंबकाचे असे झाले नाही. त्याच्याभोवतीचे प्रयोग भट्टीबरोबरच थांबले.

भट्टी मोडून काढण्याची तयारीही बंद होण्याच्या आधीच सुरू झाली. त्यासाठीचा अर्ज करताना केंद्राने परिसरातील नागरिकांशी नियमित संवादाची प्रक्रिया उभी केली आणि किरणोत्सारी साहित्य कोठे ठेवणार, वाहतूक कशी होणार, यांवरचे प्रश्न खुलेपणाने चर्चेला घेतले. हे काम संथ आहे आणि वर्षानुवर्षे चालणारे आहे. त्यासाठी लागणारा पैसा सार्वजनिक तिजोरीतूनच येतो आणि त्या पैशातून एकही शोधनिबंध निघत नाही. तरीही भट्टीच्या मूळ खर्चात तो धरलाच पाहिजे, कारण तो टाळता येत नाही, फक्त पुढच्या पिढीवर ढकलता येतो.

केंद्राला काय मिळाले

भट्टीवरील लक्ष कमी होत असतानाच आडलर्सहोफमध्ये केंद्राचे दुसरे अंग बळकट होत होते. ऑक्टोबर 2016 मध्ये ‘एमिल’ ही प्रयोगशाळा माक्स प्लांक संस्थेच्या भागीदारीने सुरू झाली. ती बेसी-2 च्या वलयालगतच आहे आणि तिला 80 इलेक्ट्रॉनव्होल्टपासून 10,000 इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचा सलग पट्टा मिळतो. तिची कल्पना साधी, पण अमलात आणायला कठीण आहे. सौरघटाचा किंवा उत्प्रेरकाचा पातळ थर निर्वातातच तयार करायचा आणि हवेचा स्पर्श होऊ न देता तो क्ष-किरणांसमोर न्यायचा. अनेक पदार्थांचा पृष्ठभाग हवेत क्षणार्धात बदलतो, त्यामुळे एरवी मोजणी होते ती मूळ पदार्थाची नव्हे, त्यावर चढलेल्या पापुद्र्याची. मृदू क्ष-किरणांनी पृष्ठभागाजवळचे थर दिसतात आणि अधिक ऊर्जेच्या किरणांनी आत दडलेल्या सांध्यापर्यंत पोहोचता येते. एकाच नमुन्याची एकाच जागी दोन्ही मोजमापे होणे हे एमिलचे वैशिष्ट्य आहे.

याच काळात केंद्राचे सौरघटांवरील काम जगाच्या नजरेत भरले. साध्या सिलिकॉन सौरघटाची सैद्धांतिक कमाल कार्यक्षमता सुमारे 29.4 टक्के आहे. सिलिकॉनच्या वर पेरोव्स्काइट या विशिष्ट स्फटिकरचनेच्या पदार्थाचा थर बसवला तर वरचा थर निळा-हिरवा प्रकाश टिपतो, खालचा लाल आणि अवरक्त, आणि जोडघटाला ती मर्यादा ओलांडता येते. स्टीव्ह आल्ब्रेख्ट यांच्या नेतृत्वाखालील गटाने लिथुआनियातील काउनास तंत्रविद्यापीठाच्या रसायनतज्ज्ञांसोबत जेमतेम एका रेणूच्या जाडीचा, आपोआप रचला जाणारा संपर्कथर वापरून 2020 च्या आरंभी 29.15 टक्के कार्यक्षमता गाठली. 2021 मध्ये ती 29.80 टक्के झाली. डिसेंबर 2022 मध्ये थरांमधील सांध्याचे गुण सुधारून 32.5 टक्क्यांचा आकडा जाहीर झाला आणि इटलीतील इस्प्रा येथील युरोपीय चाचणी प्रयोगशाळेने तो प्रमाणित केला. सौदी अरेबियातील आणि पुढे चीनमधील गटांनी काही महिन्यांतच हा विक्रम मागे टाकला, आणि ते या क्षेत्राच्या वेगाला धरूनच होते. हे घट सुमारे एक चौरस सेंटिमीटरचे होते. छतावर बसेल एवढा मोठा आणि वीस-पंचवीस वर्षे ऊन-पावसात टिकेल असा घट बनवणे हे काम वेगळे आणि अधिक कष्टाचे आहे.

या यशाचे श्रेय भट्टी बंद करण्याला द्यावे का? तसे करणे मला घाईचे वाटते. कार्यक्षमतेचे हे आकडे मुख्यतः रसायनशाळेत आणि थर बसवणाऱ्या यंत्रांवर साध्य झाले. सिंक्रोट्रॉनच्या एका मोजणीतून ते निघालेले नाहीत. प्रकाशस्रोताचा उपयोग होतो तो सांध्यावर नेमके काय घडते हे कळण्यासाठी: ऊर्जापातळ्या कशा जुळतात, कोणते बंध तुटतात, घट कोठून झिजू लागतो. पदार्थ बनवणारी माणसे आणि त्यांचे अंतरंग पाहणारी माणसे एकाच आवारात असल्यामुळे शंका आणि तिचे उत्तर यांतील अंतर कमी होते. केंद्राने 2013 मध्ये पत्करलेली दिशा या अर्थाने फळाला आली, असे म्हणणे रास्त आहे. त्यापलीकडचा दावा पुराव्याला धरून होणार नाही.

किंमत कोणी मोजली

आता ताळेबंदाची दुसरी बाजू, आणि ती केंद्राच्या कुंपणाबाहेर आहे. बेर-2 ही केवळ बर्लिनच्या संशोधकांची भट्टी नव्हती. बाहेरील विद्यापीठांतून, अनेक देशांतून लोक तेथे मोजणीसाठी येत. मोठ्या स्रोतावर जाण्याआधी नमुना तपासून पाहणे, नवी पद्धत अजमावणे, विद्यार्थ्यांना हाताने काम शिकवणे या गोष्टी अशा मध्यम क्षमतेच्या भट्ट्यांवरच होतात. ग्रेनोबलच्या 58 मेगावॅटच्या भट्टीवर प्रत्येक दिवसासाठी इतकी स्पर्धा असते की तेथे चाचपडायला कोणी वेळ देत नाही.

आणि 2019 हे या दृष्टीने विलक्षण प्रतिकूल वर्ष ठरले. नॉर्वेतील ‘जीप-2’, फ्रान्समधील साक्ले येथील ‘ऑर्फे’ आणि बर्लिनची बेर-2, या तिन्ही भट्ट्यांचा शेवट याच एका वर्षात झाला. युरोपातील न्यूट्रॉनांचा पुरवठा घटणार असल्याचा इशारा संशोधन-पायाभूत सुविधांवरील युरोपीय मंचाच्या तज्ज्ञगटाने 2016 मध्येच दिला होता. भिस्त होती ती लुंडच्या नव्या स्रोतावर. मूळ आराखड्यानुसार तेथे 2019 मध्ये पहिले न्यूट्रॉन मिळून 2023 मध्ये बाहेरील संशोधकांसाठी दार उघडायचे होते. ते वेळापत्रक पाळले गेले नाही. त्यात भर म्हणजे म्युनिकजवळील गार्शिंग येथील 20 मेगावॅटची भट्टी, जी बेर-2 नंतर जर्मनीतील प्रमुख न्यूट्रॉन स्रोत म्हणून उरणार होती, ती मार्च 2020 पासून दीर्घकाळ थांबली. बर्लिनची भट्टी बंद झाल्यावर अवघ्या तीन महिन्यांत तिचा सर्वांत जवळचा पर्यायही हातचा गेला.

यातील कोणत्याही एका संस्थेला दोष देता येत नाही. नेमकी हीच अडचण आहे. प्रत्येक केंद्राने आपल्या निधीच्या आणि ध्येयाच्या चौकटीत समर्थनीय निर्णय घेतला. परंतु सर्व निर्णयांची बेरीज करण्याची जबाबदारी कोणाकडेच नव्हती. बर्लिनच्या मंडळाला लुंडचे बांधकाम वेळेत पूर्ण करवून घेण्याचा अधिकार नव्हता, तरी त्याच्या निर्णयाची शहाणीव त्या बांधकामावर अवलंबून होती. माझ्या मते निर्णयाला एक अट जोडता आली असती: नव्या स्रोतावर ठरावीक प्रमाणात मोजणी सुरू होईपर्यंत भट्टी कमी खर्चात, वर्षातील मोजके आठवडे चालवायची. इंधनाच्या साठवणीचा प्रश्न आणि सुरक्षेवरचा ठरलेला खर्च पाहता ही अट महाग पडली असती, आणि ती नाकारण्यामागे सबळ कारणे असू शकतात. तरीही मधल्या पोकळीची किंमत काय, हा हिशेब खुल्या चर्चेत यायला हवा होता.

या पोकळीत सर्वांत आधी विरतात ती माणसे. न्यूट्रॉन-विकिरणाचे काम पुस्तकातून शिकता येत नाही. एखादा डाग हा पदार्थाचा गुण आहे की उपकरणाचा दोष, हे ओळखणारी नजर वर्षानुवर्षे उपकरणाजवळ बसून येते. वान्झेचे काही तज्ज्ञ ग्रेनोबल, लुंड किंवा गार्शिंगकडे वळले, काहींनी क्ष-किरणांचे काम हाती घेतले. लिथियम आणि हायड्रोजन यांचा अभ्यास ऊर्जा-संशोधनाच्या केंद्रस्थानी आलेला असताना त्या दोहोंना सर्वांत स्पष्ट पाहणारी पद्धत ऊर्जेलाच वाहिलेल्या केंद्राच्या आवारात उरली नाही, हे खटकते.

पुढचे वळण

हाच प्रश्न आता बेसी-2 पुढे उभा आहे. 2016 मध्ये लुंड येथेच ‘मॅक्स-4’ हे चौथ्या पिढीचे पहिले वलय सुरू झाले. त्याच्या चुंबकांची मांडणी इलेक्ट्रॉनांचा झोत कितीतरी अधिक बारीक ठेवते आणि त्यामुळे प्रकाश त्याच प्रमाणात प्रखर होतो. बेसी-2 तिसऱ्या पिढीचे आहे आणि केवळ चुंबक बदलून त्याला त्या रांगेत बसवणे कठीण आहे. म्हणून केंद्राने ‘बेसी-3’ या नव्या यंत्राचा आराखडा केला आहे: 2.5 गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा, सुमारे 350 मीटर परीघ, आणि बॅटरी, उत्प्रेरक व सौरघट प्रत्यक्ष काम करत असताना त्यांच्या आत पाहण्यावर भर. तोपर्यंत जुने यंत्र ‘बेसी-2+’ या कार्यक्रमाखाली सुधारत चालू ठेवायचे आहे.

येथे केंद्राच्या हाती असे काही आहे जे 2013 मध्ये नव्हते: बंद होणारे यंत्र आणि त्याची जागा घेणारे यंत्र, दोन्हींचे वेळापत्रक त्याच संस्थेला ठरवता येईल. त्यातही आडलर्सहोफचे जर्मन राष्ट्रीय मापनसंस्थेशी जुने नाते आहे. प्रकाश आणि क्ष-किरण यांच्या मोजमापाची अचूक प्रमाणे ठरवण्याचे काम तेथील वलयांवर चालते आणि त्यात खंड पडू देता येत नाही. बेसी-3 साठी निधीची मंजुरी मागताना केंद्राने नव्या बीमलाइनवर पहिली मोजणी होईपर्यंत बेसी-2 चालू ठेवण्याचा खर्च त्याच प्रस्तावात, वेगळ्या रकान्यात, मांडावा. संघराज्याने आणि बर्लिन राज्याने तो रकाना कापला तर किती मोजणी-दिवस बुडतील आणि ते कोणत्या संशोधकांचे असतील, हेही त्याच कागदावर लिहिलेले असावे.